पुण्याजवळच्या जलाशयांवर फ्लाय फिशिंगचे मार्गदर्शक होताना

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि दक्षिणेला भाटघर हे जलाशय शहरापासून दीड-दोन तासांच्या आत आहेत, आणि पूर्वेला उजनीचा विस्तीर्ण फुगवटा थेट भिगवणपर्यंत आलेला आहे. या पाण्यांत कुठे ना कुठे महासीर, मरळ, शिवडा, शिंगाळा असे लहान मासे गिळून वाढणारे मोठे मासे आढळतात. गेल्या काही वर्षांत फ्लाय रॉड घेऊन या पाण्यावर येणाऱ्यांची संख्या वाढू लागली आहे आणि त्यांना पाणी दाखवणारा माणूस हवा असतो. ज्यांना स्वतःला फ्लाय टाकता येते आणि आता दुसऱ्यांना घेऊन जाण्याचे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातला माझा मुख्य आग्रह एवढाच आहे की, पहिला पाहुणा होडीत बसण्याआधी मार्गदर्शकाने एक जलाशय, त्यातला मासा आणि त्या काठावरची माणसे नीट ओळखलेली असावीत. बाकीचे कौशल्य सरावाने येते, पण या तीन ओळखींना दुसरा पर्याय नाही.

नवख्या वाचकासाठी आधी थोडक्यात. साध्या गळात किंवा स्पिनिंगमध्ये आमिषाचे वजन दोरीला ओढून नेते, तर फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला जवळजवळ वजनच नसते. पिसे, केस आणि धागा गळावर बांधून केलेली फ्लाय पाण्यापर्यंत पोहोचते ती जाड, वजनदार लाइनच्या जोरावर. त्यामुळे सगळी मेहनत लाइन हवेत उलगडण्यावर असते, आणि पाहुण्याच्या बहुतेक अडचणीही तिथेच उभ्या राहतात.

परवानगी

जाहिरात करण्यापूर्वी कागदपत्रे. आपल्या भागातील बहुतेक धरणे जलसंपदा विभागाची असून त्यांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. म्हणून सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन आपल्या निवडलेल्या जलाशयाचा ठेका कोणाकडे आहे हे विचारावे, नंतर त्या संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना भेटून मासा पकडून सोडण्याच्या सहलींसाठी लेखी संमती घ्यावी, आणि होडी चालवण्याची परवानगी धरणाच्या शाखा कार्यालयाकडून स्वतंत्रपणे घ्यावी. मुळशी, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी या तलावांची गोष्ट वेगळी आहे. ते वीजनिर्मितीसाठी बांधलेले टाटांचे तलाव असल्यामुळे तेथे कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. खडकवासल्याच्या काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीत येतो, तिकडे होडी वळवण्याचा विचारही करू नये. भीमाशंकर किंवा ताम्हिणीसारख्या अभयारण्याच्या हद्दीला लागून पाणी असेल, तर वनविभागाकडून हद्दीचा नकाशा पाहून घ्यावा, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अभयारण्यातील पाण्यालाही लागू होतो.

तोंडी होकारावर काम सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण संस्थेचे पदाधिकारी बदलतात, ठेका बदलतो, आणि काठावर पाहुण्यांसमोर वाद झाला तर त्या दिवसाचे सगळे श्रम वाया जातात.

एकच जलाशय, एक पूर्ण वर्ष

नवीन मार्गदर्शक सहसा चार धरणांची नावे सांगतो आणि त्यांपैकी एकाही धरणाचा तळ त्याला ठाऊक नसतो. माझा सल्ला असा की, एक जलाशय निवडावा आणि एक पूर्ण पाणीवर्ष, म्हणजे एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत, केवळ त्याच पाण्यावर जावे.

यातला सर्वांत मोलाचा महिना मे आहे, आणि तो मासे पकडण्यासाठी नव्हे. आपली धरणे ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात आणि त्यानंतर सिंचन, पिण्याचे पाणी व वीज यांसाठी हळूहळू रिती होत मे महिन्यात तळाला जातात. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते हे सर्वांना माहीत आहे. तसाच प्रत्येक धरणाच्या पोटात बुडालेला एक जुना प्रदेश असतो, आणि उन्हाळ्यात त्याचा काही भाग उघडा पडतो. त्या उघड्या तळावरून पहाटेच्या गारव्यात पायी हिंडावे. बैलगाडीची जुनी वाट, दगडी बांध, घराची जोती, विहिरीचे कठडे, तोडलेल्या झाडांची खोडे, ओढ्याचा खोल पाट, खडकाची एकदम तुटलेली कड, हे सगळे फोटो काढून आणि मोबाइलवर ठिकाण नोंदवून ठेवावे. प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि ती जागा पाण्यापासून अंदाजे किती उंच आहे ते लिहावे, कारण जलसंपदा विभाग धरणांची पातळी रोज जाहीर करतो आणि डिसेंबरात त्या जागी किती पाणी उभे आहे हे मग साध्या वजाबाकीने कळते. जानेवारीच्या सकाळी पाहुण्याला दिसते ती फक्त सपाट निळी चादर, पण मार्गदर्शकाला त्या चादरीखाली दीड मीटरवर एक बांध आणि बांधापलीकडे सहा मीटर खोल ओढा दिसत असतो. मोठा मासा अशाच कडेला टेकून राहतो, कारण खोल पाण्याचा आसरा मागे आणि उथळ पाण्यातली लहान मासळी पुढे असते.

वहीत वाराही लिहावा. हिवाळ्यात पहाटे पाणी बहुधा निवांत असते आणि ऊन चढले की वारा सुटतो. हा वारा ज्या काठावर आदळतो त्या काठाकडे पृष्ठभागावरचे किडे, पालापाचोळा आणि त्यांच्यामागे बारीक मासळी सरकते. म्हणून दुपारी लाटा खाणारा काठ गैरसोयीचा वाटला तरी मासा तिथेच असण्याची शक्यता अधिक असते. मुळशीच्या फुगवट्यावर जाळी टाकणाऱ्या एका कातकरी मामांना मी एकदा विचारले होते, “मामा, सकाळी त्या अंगाला जाळं लावता आणि संध्याकाळी या अंगाला, असं का?” त्यांनी उत्तर दिले, “दादा, वारं ज्या अंगाला जातं, तिकडं चाराबी जातो.” एवढे बोलून ते होडीच्या तळातले पाणी डब्याने उपसू लागले, आणि त्यांच्या त्या एका वाक्यावर मी अजूनही दुपारचा काठ ठरवतो.

मासा ओळखणे

महासीर हा पुण्याचाच मासा म्हणावा लागेल. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये केले ते पुण्याच्या पूर्वेला वाहणाऱ्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्या पाण्याची अवस्था काय आहे हे पुणेकरांना सांगायला नको. महासीर या भागात टिकला त्यात लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटांच्या उबवणी केंद्राचा मोठा वाटा आहे. तेथे १९७० च्या दशकापासून महासीराची कृत्रिम पैदास केली जाते, आणि डॉ. चं. वि. कुलकर्णी व श. ना. ओगले यांनी त्या कामाचा पाया घातला. नव्या मार्गदर्शकाने हा इतिहास पाहुण्याला सांगावा, कारण ज्या माशासाठी आपण आलो आहोत तो सहज भरून येणारा मासा नाही, हे एकदा कळले की पाहुणा तो हाताळताना आपोआप जपतो.

महासीर सर्वभक्षी आहे. तो लहान मासे, खेकडे, गोगलगायी आणि किडे खातो, तसेच पाण्यावर झुकलेल्या उंबराची पिकलेली फळेही खातो. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशातले दात शिंपले फोडण्याइतके बळकट असतात आणि ओठ जाड असतात. त्यामुळे पातळ तारेचा गळ तो चेपून सरळ करतो. जलाशयात त्याला शोधायचे ते ओढ्यांच्या तोंडाशी, खडकाळ टोकांवर, बुडालेल्या बांधांच्या कडेला आणि फळझाडांच्या सावलीत. ऑक्टोबरात गढूळ पाणी निवळू लागल्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी आणि संध्याकाळी तो काठाच्या उथळ पाण्यात फिरतो. उन्हाळ्यात तो खोल जातो. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि झुंजीने दमलेला मासा अशा पाण्यात सावरत नाही. म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी नऊनंतर महासीरासाठी फ्लाय टाकू देऊ नये, आणि पावसाळ्यात महासीराची सहल अजिबात नेऊ नये. त्या काळात तो वाहत्या पाण्याकडे चढून खडीच्या तळावर अंडी घालतो, आणि कटला-रोहूच्या मानाने त्याची अंडी फार थोडी असतात.

मरळ हा स्वभावाने अगदी वेगळा. तो दबा धरून बसतो, पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या झुडपांत, शांत खाडीसारख्या भागात. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो आणि पाण्यावर एक छोटे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ दिसले की फ्लाय त्याच्या डोक्यावर न टाकता दोन-तीन मीटर पलीकडे टाकून त्याच्यासमोरून ओढत आणावी. बेडकासारखी किंवा पृष्ठभागावर बुडबुड आवाज करणारी पॉपर फ्लाय, तीही पाणगवतात न अडकणारी, इथे सर्वांत उपयोगी पडते. मरळाला दात असतात, म्हणून लीडरचे, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याचे, शेवटचे टोक जाड ठेवावे. त्याच्याबाबतीत एक नियम मोडू नये. पाण्यावर नारिंगी-लालसर पिलांचा झुबका थरथरताना दिसला, तर त्याखाली राखण करणारे आईबाप असतात. त्या झुबक्याजवळ पडलेल्या कोणत्याही वस्तूवर ते चवताळून येतात, त्यामुळे ते पकडणे सोपे असते. पण राखणदार उचलला गेला की काही मिनिटांत इतर मासे पिले संपवतात. पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी होडी तिथून पुढे न्यावी.

शिवडा आणि शिंगाळा यांच्यासाठी जड, बुडणारी लाइन आणि सांजवेळ लागते. सुरुवातीच्या काळात त्यांच्या मागे लागू नये.

काठावरची माणसे

ज्या कुटुंबाचे पोट त्या पाण्यावर चालते, त्यांच्या डोळ्यांसमोर आपण मासा पकडून परत सोडणार असतो. ही गोष्ट त्यांना विचित्र वाटते आणि तसे वाटणे रास्तच आहे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांच्यापैकी एकाला होडीवाला म्हणून सोबत घ्यावे. त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी आणि ती मासा लागण्यावर अवलंबून ठेवू नये. जाळी संध्याकाळी लावून सकाळी काढली जातात आणि त्यांच्या खुणा म्हणजे रिकाम्या पाण्याच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे असतात. त्या रांगेवरून होडी नेऊ नये. फ्लाय जाळ्यात अडकलीच, तर आपला लीडर कापावा, जाळ्याच्या एका आसालाही हात लावू नये. सुरुंग लावून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. असा प्रकार दिसला तर पाहुण्यांना घेऊन तिथे वाद घालू नये. ठिकाण आणि वेळ टिपून संस्थेला व विभागाला कळवावे. या बाबतीत संस्थेची माणसे आपल्याइतकीच, किंबहुना अधिक, संतप्त असतात.

साहित्य

पाहुण्याकडे स्वतःचे सामान नसेल असे धरून चालावे. महासीरासाठी नऊ फुटी, ८ किंवा ९ नंबरचा रॉड (हा नंबर रॉडला पेलणाऱ्या लाइनच्या वजनाचा असतो), चांगला ब्रेक असलेले रीळ, आणि मुख्य लाइनमागे किमान शंभर मीटर बॅकिंग, म्हणजे रिळावरची बारीक राखीव दोरी, लागते, कारण त्याची पहिली धाव लांब आणि सरळ खोल पाण्याकडे असते. मरळासाठी ७ किंवा ८ नंबरचा रॉड पुरतो. लाइन दोन प्रकारच्या ठेवाव्यात, एक तरंगणारी आणि एक सावकाश बुडणारी. लीडर साधारण नऊ फुटांचा, टोकाला सात ते नऊ किलो ताण सोसणारा असावा. फ्लायच्या पेटीत पन्नास प्रकार भरण्याची गरज नाही. चिलापीच्या पिलासारखी करडी-हिरवट फ्लाय, पांढऱ्या पोटाची, लहान माशासारखी दिसणारी क्लाउझर फ्लाय, काळी आणि तपकिरी, केसाळ वुली बगर फ्लाय, आणि दोन रंगांच्या पॉपर एवढ्यावर बहुतेक दिवस निभावतात. सर्व गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करावेत आणि ही गोष्ट पाहुण्याच्या पसंतीवर सोडू नये. त्याने माशाचे तोंड फाटत नाही, आणि माणसाच्या बोटात गळ रुतला तरी तो सहज निघतो.

गाठी मात्र आदल्या रात्री घरी बांधाव्यात, ओल्या करून घट्ट ओढून तपासाव्यात. पहाटेच्या अंधारात टॉर्च दातांत धरून बांधलेली गाठ मोठ्या माशासमोर टिकत नाही.

पाहुण्याला तयार करणे

सहलीच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. पोहता येते का, आजवर फ्लाय टाकली आहे का, आणि हृदयविकार, मधुमेह किंवा अॅलर्जीसारखा त्रास आहे का. अनुभव नसलेल्या पाहुण्याला थेट होडीत बसवू नये. आदल्या संध्याकाळी घराजवळच्या एखाद्या मोकळ्या मैदानात गळाऐवजी लोकरीचा लहान गोंडा बांधून तासभर फेक शिकवावी.

शिकवताना सगळे एकदम सांगू नये. बहुतेकांच्या दोनच चुका असतात. पहिली, मनगट मोडून रॉड पार मागे आडवा करणे, आणि दुसरी, मागे गेलेली लाइन सरळ होण्याआधीच पुढे झटका देणे. दुसऱ्या चुकीवर उपाय म्हणजे पाहुण्याला मान वळवून मागच्या लाइनकडे पाहायला लावणे. ती हवेत उलगडून सरळ होते तो क्षण त्याने डोळ्यांनी पाहिला की हात आपोआप थांबायला शिकतो. जोर वाढवायला कधीही सांगू नये. जलाशयावर बारा-पंधरा मीटरची अचूक फेक पुरेशी असते, आणि पंचवीस मीटरच्या हौसेपायी पाहुण्याचा खांदा सकाळी दहापर्यंत थकून जातो.

याच मैदानात लाइन ओढून मासा अडकवण्याची क्रियाही शिकवून घ्यावी, कारण पाण्यावर सर्वांत जास्त मासे तिथेच सुटतात. मासा फ्लायला लागला की नवख्या माणसाची सहज प्रवृत्ती रॉड वर उचलण्याची असते. त्यामुळे फ्लाय माशाच्या तोंडातून वरच्या वर निघून येते, आणि लवचिक रॉडची ताकद गळापर्यंत पोहोचतच नाही. योग्य क्रिया अशी की, रॉडचे टोक पाण्याला जवळजवळ टेकलेले आणि थेट फ्लायच्या दिशेने असावे, लाइन उजव्या हाताच्या तर्जनीखाली असावी, आणि ओढ जाणवताच डाव्या हाताने लाइन कमरेपर्यंत लांब, घट्ट ओढावी. मासा जड लागला की मगच रॉड वर घ्यावा. मी स्वतः गोंडा हातात धरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो आणि अचानक हिसका देतो. सात-आठ वेळा असे झाले की पाहुण्याचा हात बरोबर दिशेने जाऊ लागतो.

पाण्यावरचा दिवस

मुळशीसाठी चांदणी चौकातून पहाटे चारला, पानशेतसाठी सिंहगड रस्त्याने साधारण त्याच वेळी निघावे, म्हणजे तांबडे फुटताना होडी पाण्यात असते. शनिवार-रविवार शक्यतो टाळावेत, विशेषतः ताम्हिणीच्या रस्त्यावर, कारण परतीची गर्दी दिवसभराची शांती हिरावून घेते.

होडीत पाहुणा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, उभा राहतो, मार्गदर्शक किंवा होडीवाला मागे वल्ह्यांवर. होडी अशी धरावी की वारा पाहुण्याच्या फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने येईल. उजव्या हाताने टाकणाऱ्याला वारा डावीकडून मिळाला, तर फ्लाय त्याच्या डोक्यापासून दूर वाहते. होडीच्या तळाला, पाहुण्याच्या पायाशी, एक ओला टॉवेल पसरावा आणि सुटी लाइन त्यावर पडू द्यावी. सगळे खिळे, दोऱ्या, बाटल्या तिथून हलवाव्यात. मोठा मासा लागला आणि सुटी लाइन चपलेच्या पट्ट्यात अडकली, तर लीडर तुटण्यास एक क्षण पुरतो.

मासा दाखवण्यासाठी घड्याळाची भाषा वापरावी. होडीचे नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी बाजू नऊ. मासा दिसला की क्रम नेहमी एकच ठेवावा, आधी दिशा, मग अंतर, मग माशाचे तोंड कुठे आहे ते. “दोन वाजता, बारा मीटर, डावीकडे चाललाय” एवढे पुरते. “तो बघा, तो बघा, त्या दगडाजवळ” असे ओरडल्याने पाहुणा गोंधळतो आणि मासा पळतो. पाहुण्याने आधी रॉडचे टोक त्या दिशेला रोखून “इथेच ना?” असे विचारावे, आणि आपण होकार दिल्यावरच फेक करावी, अशी सवय सकाळीच लावून घ्यावी. ध्रुवीकृत चष्मा दोघांच्याही डोळ्यांवर असावा. तो पाण्यावरची चकाकी कापतो आणि उडत्या गळापासून डोळाही वाचवतो.

मार्गदर्शकाने स्वतः मासा पकडू नये. रॉड हातात घ्यावा तो फक्त फेक दाखवण्यासाठी, आणि तोही गळाशिवाय. पाहुण्याचे पाणी आपण वापरले की त्याच्या मनात उरलेला दिवस कडवट होतो.

मासा लागल्यावर आणि सोडताना

महासीराची पहिली धाव थांबवू नये. लाइन जाऊ द्यावी, बोटे रिळापासून दूर ठेवावीत, आणि होडीवाल्याने शांतपणे होडी माशाच्या मागे न्यावी. बुडालेल्या खोडांकडे मासा वळला तर रॉड आडवा करून त्याला बाजूने ओढावे, वर उचलून ओढल्याने काही साधत नाही. झुंज शक्य तितकी लहान ठेवावी. पातळ लीडरवर तास-तासभर खेळवण्यात काहींना शौर्य वाटते, पण त्यात मासा मरतो, तो सोडल्यानंतर, आपल्या नजरेआड.

मासा होडीजवळ आला की गाठी नसलेल्या, रबराच्या जाळीत घ्यावा आणि जाळी पाण्यातच ठेवावी. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगांपासून राखतो. गळ पक्कडीने पाण्याखालीच काढावा. फोटो हवा असेल तर आधी कॅमेरा तयार, पाहुणा गुडघ्यांवर बसलेला, आणि मगच मासा आडवा, पोटाला आणि शेपटीच्या बुंध्याला आधार देऊन, पाण्यापासून वितभर वर. आपण श्वास रोखावा आणि तो सोडावासा वाटण्याआधी मासा पुन्हा पाण्यात असावा. कल्ल्यांत बोट घालू नये, जबड्याला धरून लोंबकळवू नये. वजनकाट्याला टांगण्याऐवजी जाळीच्या दांड्यावर खुणा करून लांबी मोजावी. सोडताना मासा सरळ धरून ठेवावा, त्याचे कल्ले नियमित हलू लागेपर्यंत वाट पाहावी, आणि तो स्वतः हात झटकून निघेल तेव्हाच सोडावा. कधी पाच मिनिटे लागतात, कधी पंधरा. तेवढा वेळ दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत घालवू नये.

सुरक्षितता

जीवरक्षक जाकीट होडीत चढण्याआधी अंगात, आणि उतरल्यानंतरच काढायचे. पोहता येणाऱ्यांनाही हाच नियम लागू. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ होडी नेऊ नये. वीजनिर्मितीच्या जलाशयात पाणी ओढून घेणाऱ्या तोंडापासूनही दूर राहावे.

वळिवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलअखेरपासून, पहिला गडगडाट कानावर येताच रॉड खाली ठेवून काठ गाठावा. फ्लाय रॉड कार्बन तंतूंचा असतो, तो वीज वाहतो, आणि उघड्या पाण्यावर नऊ फुटांचा तो दांडा सर्वांत उंच वस्तू ठरतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परतू नये. आकाश दूरवर काळे असले आणि आपल्या डोक्यावर ऊन असले तरीही.

गळ कातडीत रुतला, तर बिनकाट्याचा असल्यास आल्या वाटेनेच मागे खेचून काढता येतो, जखम धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. डोळ्याजवळचा गळ मात्र हलवू नये. लीडर कापून, गळावर दाब न येईल असे झाकून थेट रुग्णालय गाठावे. काठावरच्या गवतात घोणस असते, म्हणून घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घालावेत आणि दगडांवर हात टेकताना आधी पाहावे. सर्पदंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला चालवत न नेता १०८ ला फोन करावा. फुगवट्याच्या आतल्या भागात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून रेंज कुठे मिळते त्या जागा आपल्या नकाशात नोंदवून ठेवाव्यात, आणि परतण्याची वेळ गावातल्या एका माणसाला सांगून जावे.

पैशांचा व्यवहार

दर ठरवताना होडीचे भाडे, होडीवाल्याची मजुरी, संस्थेचे शुल्क, गाडी, जेवण, फाटणाऱ्या लाइन आणि हरवणाऱ्या फ्लाय, विमा आणि स्वतःचा दिवस हे सगळे मोजावे. पहिल्या वर्षी स्वस्तात नेण्याची इच्छा होते, पण मग कपात होते ती बहुधा होडीवाल्याच्या मजुरीत किंवा जाकिटांच्या दर्जात, आणि या दोन्हींना हात लावणे योग्य नाही. मासा मिळेलच असे आश्वासन बोलताना किंवा लिहिताना देऊ नये. पाहुण्याला आधीच सांगावे की, फ्लायवर महासीर लागणे हा दुर्मीळ योग आहे आणि अनेक सकाळी फक्त फेकण्याच्या सरावात जातात. जे हे ऐकून मागे हटतात त्यांना हटू द्यावे. वारा किंवा पावसामुळे आपण सहल रद्द केली तर पूर्ण रक्कम परत, पाहुण्याने आदल्या दिवशी रद्द केली तर होडीवाल्याच्या मजुरीएवढी रक्कम वजा करून बाकी परत, हे कागदावर दोन ओळींत लिहून दोघांची सही घ्यावी आणि होडीवाल्याचे पैसे त्याच संध्याकाळी, होडी काठाला लावल्यावर, त्याच्या हातात द्यावेत.